वालूरचा हिवाळा आणि दूरचे समुद्र

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव अरबी समुद्रापासून सुमारे चारशे आणि बंगालच्या उपसागरापासून सुमारे सहाशे किलोमीटर आत आहे. चक्राकार पायऱ्यांच्या दगडी बारवेसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या शिवारात समुद्राची चाहूलही लागत नाही. तरीही डिसेंबरात पहाटे किती गारठा पडेल, ज्वारी पोटरीत असताना आभाळ किती दिवस राहील आणि फेब्रुवारीत उन्हाचा चटका किती लवकर बसू लागेल, या तिन्ही गोष्टींशी समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाचा संबंध असतो. त्यातला एक धागा तर सुमारे पंधरा हजार किलोमीटर दूर, प्रशांत महासागराच्या मध्यापर्यंत जातो.

हा संबंध सरळ नाही. समुद्राच्या तापमानात फरक पडला की वरच्या हवेचा दाब बदलतो, दाबाबरोबर वारे बदलतात आणि वाऱ्यांबरोबर ढगांची जागा बदलते. गावातल्या तापमापकापर्यंत जे पोचते ते या साखळीच्या शेवटच्या कडीतून. म्हणून आधी शेवटची कडी, म्हणजे मराठवाड्यात थंडी पडते कशी, हे पाहणे सोयीचे ठरते.

मराठवाड्यात थंडी कशी पडते

ऑक्टोबरात परतीचा पाऊस सरला की आकाश निवळते आणि हवेतील बाष्प कमी होऊ लागते. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशात सोडते. हवेत बाष्प किंवा वर ढग असतील तर यातली बरीच उष्णता अडते आणि पुन्हा जमिनीकडे येते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर ती निघून जाते आणि पहाटेपर्यंत पारा झपाट्याने उतरतो. वारा पडलेला असेल तर जमिनीलगतचा थंड थर विस्कटत नाही. थंड हवा जड असल्यामुळे ती ओढ्याकाठच्या सखल रानात साचते आणि गावठाणापेक्षा शेतातला गारठा अधिक असतो. परभणीच्या थंडीचे दोन वेगवेगळे आकडे अनेकदा बातम्यांत येतात. कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या प्रक्षेत्रावरील वेधशाळेत नोंदलेला पारा बहुधा शहरातल्या पाऱ्यापेक्षा खाली असतो, त्यामागे हेच कारण आहे.

निरभ्र रात्र एवढ्याने थंडी पडते, पण थंडीची लाट येण्यासाठी उत्तरेचा वारा लागतो. भूमध्य समुद्राच्या परिसरात उगम पावणारे कमी दाबाचे पट्टे हिवाळ्यात इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाकडे येतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. विक्षोभ येत असताना पुढच्या भागात ढग जमतात आणि रात्री उबदार होतात. तो हिमालयात बर्फ टाकून पूर्वेकडे सरकला की त्याच्या मागून कोरडे, थंड वारे राजस्थान आणि मध्य प्रदेशमार्गे महाराष्ट्रात उतरतात. हवामान खात्याच्या निकषांनुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असेल आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी घसरले असेल तर थंडीची लाट मानली जाते. घसरण ६.५ अंश किंवा त्याहून अधिक असेल तर ती लाट तीव्र ठरते.

तिसरा घटक या दोघांच्या विरुद्ध काम करतो. बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे आत घुसले की आभाळ येते. मग दिवसाचे तापमान थोडे खाली येते, रात्रीचे चांगलेच वर जाते आणि थंडी गायब होते. अशा रीतीने मराठवाड्याचा हिवाळा म्हणजे उत्तरेचा कोरडा वारा आणि समुद्राकडचा ओला वारा यांच्यातली रस्सीखेच असते. समुद्राचे तापमान या दोन्ही बाजूंचे बळ कमी-अधिक करते.

समुद्राला इतके वजन का

जमीन तव्यासारखी लवकर तापते आणि लवकर निवते, समुद्र मात्र पाण्याने भरलेल्या हंड्यासारखा सावकाश तापतो आणि तितक्याच सावकाश निवतो. संपूर्ण वातावरणात जेवढी उष्णता मावते, जवळपास तेवढी समुद्राच्या वरच्या अवघ्या तीनेक मीटरच्या थरात मावते. त्यामुळे हवेतली घडामोड आठ-दहा दिवसांत विरून जाते, पण समुद्राचा एखादा विस्तीर्ण भाग सरासरीपेक्षा एक अंशाने उबदार झाला तर तो महिनोन्‌महिने तसाच राहतो आणि तेवढा काळ वरच्या हवेला उष्णता व बाष्प पुरवत राहतो.

हवामानशास्त्राला हंगामाचा अंदाज वर्तवता येतो तो याच संथपणामुळे. १५ जानेवारीला वालूरला किती अंश तापमान असेल हे ऑक्टोबरात कोणालाही सांगता येत नाही. पण ऑक्टोबरातले समुद्र जानेवारीतही बऱ्याच अंशी तसेच असणार, हे माहीत असते. त्यावरून पुढचा हिवाळा एकंदरीत उबेकडे झुकेल की गारठ्याकडे, याचा कौल काढता येतो.

प्रशांत महासागरातील चढउतार

विषुववृत्ताजवळच्या प्रशांत महासागरावर एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे व्यापारी वारे वाहतात. पृष्ठभागावरचे तापलेले पाणी ते इंडोनेशियाकडे ढकलत नेतात. तिकडे उबदार पाण्याचा साठा होतो आणि समुद्राची पातळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच राहते. पेरू आणि इक्वेडोरच्या किनाऱ्यालगत रिकाम्या झालेल्या जागी खोलातले थंड पाणी वर येते. पश्चिमेच्या उबदार पाण्यावर हवा वर चढते, उंच ढग होतात आणि भरपूर पाऊस पडतो. वर चढलेली हवा पूर्वेकडे जाऊन थंड पाण्यावर खाली बसते. या चक्राला वॉकर अभिसरण असे नाव आहे.

काही वर्षांनी व्यापारी वारे मंदावतात. पश्चिमेला साठलेले उबदार पाणी पूर्वेकडे पसरते, पेरूजवळ थंड पाणी वर येणे कमी होते आणि दोन्ही बाजूंच्या तापमानातला फरक घटतो. फरक घटला की वारे आणखी मंदावतात. ही स्थिती म्हणजे एल निनो. याउलट वारे नेहमीपेक्षा जोरात वाहू लागले की पश्चिमेचा उबदार साठा वाढतो आणि मध्य व पूर्व प्रशांत महासागर सरासरीपेक्षा थंड होतो. ती ला निना. साधारणपणे दोन ते सात वर्षांच्या अनियमित अंतराने हा खेळ चालतो.

मोजमापासाठी विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पाच अंशांपर्यंत आणि १७० ते १२० अंश पश्चिम रेखांशांदरम्यानचा पट्टा ठरवलेला आहे. त्याला निनो ३.४ म्हणतात. या पट्ट्याचे तापमान सरासरीपेक्षा किमान अर्ध्या अंशाने वर जाऊन काही महिने तसेच राहिले तर एल निनो आणि तितकेच खाली राहिले तर ला निना मानतात. १९९७-९८ आणि २०१५-१६ मध्ये ही वाढ दोन अंशांच्याही पुढे गेली होती. २०२० ते २०२३ या काळात ला निना सलग तीन हिवाळे टिकून राहिली.

या चढउतारांचा शोध लागला त्यात भारताचा वाटा मोठा आहे. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनी पावसाचा आगाऊ अंदाज मिळवण्याची निकड निर्माण केली. १९०४ ते १९२४ या काळात खात्याचे प्रमुख असलेले गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या केंद्रांवरील नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. प्रशांत महासागराच्या पूर्वेकडे हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराकडे तो घटतो आणि उलटही घडते, असे त्यांना आढळले. या हेलकाव्याला त्यांनी दक्षिणी आंदोलन म्हटले. हवेतल्या या आंदोलनाची आणि समुद्रातल्या एल निनोची सांगड मात्र १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी घातली.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७२ मध्ये, बलवान एल निनो आला आणि महाराष्ट्रात त्या शतकातल्या भीषण दुष्काळांपैकी एक पडला. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘बहात्तरचा दुष्काळ’ अजून येतो.

एल निनो, ला निना आणि भारतातील हिवाळा

एल निनो आणि ला निना दोन्ही नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास कळसाला पोचतात. म्हणजे मोसमी पावसाच्या काळात त्या घडत असतात, तर हिवाळ्यात पूर्ण बहरात असतात. त्यांचा हिवाळ्यावरचा परिणाम मुख्यतः वरच्या थरांतील वाऱ्यांमार्फत होतो.

हिवाळ्यात सुमारे दहा-बारा किलोमीटर उंचीवर, हिमालयाच्या दक्षिणेकडून, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा झोत वाहत असतो. पश्चिमी विक्षोभ याच झोताबरोबर येतात. एल निनोच्या हिवाळ्यात हा झोत सहसा बळकट होतो, विक्षोभांना अधिक बाष्प मिळते आणि वायव्य भारतात पाऊस व हिमवर्षाव सरासरीपेक्षा वाढण्याकडे कल असतो. ढगाळ दिवसांमुळे रात्री फारशा थंड होत नाहीत. देशभरात हिवाळा सौम्य राहण्याची शक्यता वाढते. २०१५-१६ च्या बलवान एल निनोनंतर २०१६ चे जानेवारी आणि फेब्रुवारी हे दोन्ही महिने देशभर सरासरीपेक्षा ठळकपणे उबदार गेले.

ला निनाच्या हिवाळ्यात उबदार पाणी आणि उंच ढगांचा पट्टा इंडोनेशियाच्या आसपास एकवटतो. तेथे मोकळी होणारी उष्णता वरच्या थरांत लाटेसारखा बदल घडवते. तो वायव्येकडे आशियावर पसरतो आणि उत्तर भारतावर उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्यांना अनुकूल ठरतो. विक्षोभ तुलनेने कोरडे असतात, ढग कमी राहतात आणि थंड हवा दक्षिणेला दूरवर शिरते. २००७-०८ च्या बलवान ला निनामध्ये हे घडले. फेब्रुवारी २००८ च्या दुसऱ्या आठवड्यात महाराष्ट्रात कडाक्याची थंडी पडली आणि समुद्रकाठच्या मुंबईतही पारा १० अंशांच्या खाली गेला.

हा संबंध वायव्य भारतात जेवढा स्पष्ट दिसतो तेवढा मराठवाड्यात दिसत नाही. उत्तरेची थंड हवा इथवर पोचेपर्यंत बरीच मवाळ होते, शिवाय दक्षिणेकडून बंगालच्या उपसागराचा ओलावा तिच्या आड येतो. दोन प्रवाहांच्या सीमेवर असणे, हेच या भागाच्या हिवाळ्याचे वैशिष्ट्य आहे. त्यामुळे वालूरसारख्या गावासाठी प्रशांत महासागराइतकेच जवळच्या समुद्रांकडेही पाहावे लागते.

हिंदी महासागराचा द्विध्रुव

हिंदी महासागराचाही स्वतःचा पूर्व-पश्चिम हेलकावा आहे. काही वर्षी आफ्रिकेकडील पश्चिम भाग उबदार होतो आणि सुमात्राजवळचा पूर्व भाग थंड पडतो. हा धन द्विध्रुव. याच्या उलट स्थितीला ऋण द्विध्रुव म्हणतात. १९९९ मध्ये एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी, पी. एन. विनयचंद्रन आणि तोशिओ यामागाता या चौघांनी हा आकृतिबंध जगासमोर मांडला. यातील गोस्वामी पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक झाले.

द्विध्रुव जून-जुलैत आकार घेतो, सप्टेंबर ते नोव्हेंबरात कळसाला पोचतो आणि डिसेंबर-जानेवारीत ओसरतो. म्हणून थंडीपेक्षा थंडीच्या आधीच्या काळावर, म्हणजे परतीच्या पावसावर आणि रब्बीच्या पेरणीवर त्याचा प्रभाव अधिक पडतो. २०१९ मध्ये अतिशय बलवान धन द्विध्रुव होता. अरबी समुद्र तापलेला होता. ऑक्टोबरच्या अखेरीस ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ ही चक्रीवादळे त्यावर उठली. दोन्ही वादळांनी महाराष्ट्राच्या जमिनीवर धडक दिली नाही, पण त्या काळात पाऊस राज्यभर रेंगाळला. मराठवाड्यात कापून ठेवलेल्या सोयाबीनला कोंब फुटले, वेचणीला आलेला कापूस भिजला आणि रानात वाफसा न आल्याने रब्बीच्या पेरण्या लांबल्या.

धन द्विध्रुव आणि एल निनो हे दोन्ही तामिळनाडूतल्या ईशान्य मोसमी पावसाला पोषक असतात. अशा वर्षी दक्षिणेत पूर्वेकडून येणारे दमट वारे जोरात असतात. त्यातला एखादा प्रवाह उत्तरेकडे वळून पश्चिमी विक्षोभाला भेटला की मध्य भारतात विजांसह पाऊस आणि गारपीट होते. २०२३ मध्ये एल निनो आणि धन द्विध्रुव एकाच वेळी होते. त्या वर्षी ऑगस्ट महिना देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला आणि महाराष्ट्रात नोव्हेंबरच्या अखेरीस अवकाळी पाऊस व गारा पडून उभ्या पिकांचे नुकसान झाले.

ला निनाच्या वर्षी आभाळ वेगळ्या वाटेने येते. ईशान्य मोसमी पाऊस तामिळनाडूत कमी राहण्याकडे कल असतो, पण बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे होण्यास स्थिती अनुकूल असते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा या वादळांचा हंगाम असतो आणि आंध्रच्या किनाऱ्याकडे सरकणाऱ्या प्रत्येक वादळाचे ढग तेलंगण ओलांडून मराठवाड्यापर्यंत येऊ शकतात.

चार आठवड्यांत दिसलेला खेळ

२०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरातील घडामोडींत हे सगळे घटक एकामागोमाग एक पाहायला मिळाले. प्रशांत महासागर तेव्हा ना एल निनो ना ला निना अशा तटस्थ स्थितीतून सौम्य ला निनाकडे सरकत होता. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आकाश निरभ्र होऊन उत्तरेचे वारे सुरू झाले आणि राज्यात चांगला गारठा जाणवू लागला. तेवढ्यात बंगालच्या उपसागरात ‘फेंगल’ चक्रीवादळ तयार झाले आणि ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला धडकले. त्याचा अवशेष दक्षिण भारत ओलांडून अरबी समुद्राकडे जात असताना दमट वारे महाराष्ट्रात शिरले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आभाळ आले, किमान तापमान बरेच वर गेले आणि काही भागांत पाऊसही झाला.

वादळाचा प्रभाव ओसरताच उत्तरेच्या वाऱ्यांना वाट मोकळी झाली. महिन्याच्या मध्याला परभणीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाच अंशांच्या खाली उतरला. एकाच हंगामात, एकाच गावात, आठ-दहा दिवसांच्या अंतराने उकाडा आणि हुडहुडी असे दोन्ही अनुभव आले. समुद्राच्या हंगामी स्थितीने हा घटनाक्रम ठरवला नव्हता, पण उपसागरातले वादळ आणि त्यानंतरची कोरडी थंड हवा या दोन्हींना अनुकूल पार्श्वभूमी तयार केली होती.

शिवारातले परिणाम

समुद्र रब्बी हंगामावर दोनदा परिणाम करतो. पहिल्यांदा पावसाळ्यात, जमिनीतल्या ओलीच्या रूपाने. सेलू तालुक्यातील काळ्या, भारी जमिनी पावसाळ्यात मुरलेले पाणी धरून ठेवतात आणि रब्बीची कोरडवाहू ज्वारी, हरभरा व करडई त्या ओलीवरच वाढतात. एल निनोच्या वर्षी हस्त, चित्राचा पाऊस हुकला तर थंडी कितीही चांगली पडली तरी पीक हलकेच राहते. निम्न दुधनासारखे प्रकल्प भरले नाहीत तर कालव्याच्या पाण्यावरचा गहूही मागे पडतो.

दुसऱ्यांदा परिणाम होतो तो थंडी आणि आभाळ यांच्यामार्फत. गव्हाला सुरुवातीच्या काळात थंडी मिळाली तर फुटवे भरपूर येतात. दाणा भरताना फेब्रुवारीत ऊन वाढले तर तो पुरता पोसत नाही आणि चिमतो. हरभऱ्याला कोरडी, थंड हवा मानवते. आभाळ सलग राहिले तर घाटेअळीचा उपद्रव वाढतो. करडईवर आणि ज्वारीवर ढगाळ, दमट हवेत मावा पडतो. ज्वारीची पाने त्याच्या स्रावाने चिकट होतात आणि त्याला शेतकरी चिकटा पडला असे म्हणतात. नोव्हेंबर-डिसेंबरात फुलोऱ्यात असलेल्या तुरीची फुले अशा हवेत गळतात. आंब्याला मोहोर फुटण्यासाठी थंडी हवी असते, पण मोहोर आल्यावर दमट हवा लागली तर भुरी येते.

अति थंडीही सोसत नाही. ज्वारी निसवण्याच्या व फुलण्याच्या वेळी पारा सलग दहा अंशांच्या खाली राहिला तर परागकण नीट तयार होत नाहीत आणि कणसात दाणे विरळ भरतात. म्हणून रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरून टाकण्याकडे कल असतो. त्यामुळे पिकाला ओलही मिळते आणि फुलोरा कडाक्याच्या थंडीच्या आधी उरकतो. पावसाळा लांबून पेरणी पुढे गेली, तर २०१९ प्रमाणे नुकसानीची सुरुवात समुद्राकडून होते आणि तिचे माप खळ्यावर कळते.

जमिनीतली ओल रात्रीच्या तापमानावरही थोडा परिणाम करते. ओली जमीन सावकाश निवते आणि तिच्यावर पहाटे धुई व दव अधिक पडते, तर कोरडी जमीन लवकर निवते. त्यामुळे चांगल्या पावसानंतरच्या ला निना वर्षात हिवाळ्याची सुरुवात दमट आणि धुक्याची, तर उत्तरार्ध कोरडा व थंड, असेही घडू शकते.

अंदाज कसा बांधतात

समुद्राचे तापमान उपग्रह, जहाजे आणि यंत्रणा बसवलेले तरंगते बोये मोजतात. १९८२-८३ चा प्रचंड एल निनो वेळेत ओळखता आला नव्हता. त्यानंतर विषुववृत्तीय प्रशांत महासागरात नांगरलेल्या सुमारे सत्तर बोयांची साखळी उभारली गेली आणि ती १९९४ मध्ये पूर्ण झाली. आज जगभरच्या समुद्रांत ‘आर्गो’ प्रकल्पाची सुमारे चार हजार स्वयंचलित तरंगयंत्रे फिरत आहेत. प्रत्येक यंत्र एक हजार मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहते, साधारण दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारते, वर येताना तापमान आणि खारटपणा मोजते आणि पृष्ठभागावर आल्यावर उपग्रहाकडे नोंदी पाठवून पुन्हा खाली जाते. भारताच्या बाजूने हे काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था पाहते.

या नोंदी समुद्र आणि वातावरण एकत्र धरणाऱ्या संगणकीय प्रतिमानांना पुरवल्या जातात. भारतीय हवामान खात्याचे पुण्यातील कार्यालय त्यांच्या आधारे डिसेंबर ते फेब्रुवारीचा हंगामी अंदाज साधारणतः डिसेंबरच्या सुरुवातीला जाहीर करते. त्यात तारीखवार तापमान नसते. कोणत्या विभागात तापमान सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतके किंवा जास्त राहण्याची शक्यता किती आणि थंडीच्या लाटांचे दिवस वाढतील की घटतील, एवढे त्यात सांगितलेले असते.

हिवाळ्याच्या अंदाजाला एक नैसर्गिक सोय लाभते. मार्च ते मे या काळात प्रशांत महासागर आपली दिशा बदलत असतो, म्हणून पावसाळ्याचा कौल त्या वेळी काढणे अवघड जाते. ऑक्टोबरपर्यंत मात्र एल निनो किंवा ला निना स्थिरावलेली असते आणि पुढचे तीन-चार महिने ती बहुधा टिकते. समुद्राची स्थिती ओळखणे हिवाळ्यासाठी सोपे असते. अवघड असते ते त्या स्थितीतून एका जिल्ह्यात काय घडेल हे सांगणे.

अपवाद आणि मर्यादा

समुद्र पारडे झुकवतो, निकाल देत नाही. २०१८-१९ च्या हिवाळ्यात प्रशांत महासागर उबदार होता आणि सौम्य एल निनो आकार घेत होता. तरी २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंश अशी विक्रमी थंडी नोंदली गेली. २०२२-२३ चा हिवाळा ला निनाचा असूनही २०२३ च्या फेब्रुवारीत देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या सर्व फेब्रुवारींपेक्षा जास्त होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राला, विशेषतः मराठवाड्याला, झोडपणारी गारपीट झाली तेव्हा प्रशांत महासागर तटस्थ होता.

या अपवादांमागे तीन मुख्य कारणे आहेत. पहिले म्हणजे उत्तर गोलार्धातील वातावरणाचे स्वतःचे चढउतार. वरच्या थरांतील वाऱ्याची एखादी मोठी नागमोड आठवडाभर अडून बसली तर एल निनो असतानाही थंड हवेचा लोंढा दक्षिणेकडे येतो. दुसरे कारण म्हणजे विषुववृत्ताजवळ पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणारा ढगांचा मोठा समूह. तो साधारण ३० ते ६० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करतो आणि १९७१ मध्ये त्याचा शोध लावणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांच्या नावांवरून मॅडन-ज्युलियन आंदोलन म्हणून ओळखला जातो. तो हिंदी महासागरावर आला की उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे होण्याची शक्यता वाढते, मग हंगामाचा कल काहीही असो.

तिसरे कारण म्हणजे खुद्द समुद्रांची दीर्घकालीन तापवाढ. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे एक अंशाने वाढले. ही वाढ जागतिक समुद्रांच्या सरासरी वाढीपेक्षा अधिक आहे. तापलेल्या समुद्रातून हवेत जादा बाष्प जाते आणि हिवाळ्यात आभाळ येण्यासाठी एखादे क्षीण कमी दाबाचे क्षेत्रही पुरते. पूर्वीच्या नोंदींवरून बांधलेले ठोकताळे त्यामुळे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आजची ला निना काही दशकांपूर्वीच्या ला निनापेक्षा एकूणच उबदार पार्श्वभूमीवर घडते.

अंदाज वापरताना

हंगामी अंदाज आणि रोजचा अंदाज यांची कामे वेगळी आहेत. ऑक्टोबरातल्या समुद्राच्या स्थितीवरून कोणत्या वाणाला आणि पिकाला किती क्षेत्र द्यायचे, पाण्याचा हिशेब कसा मांडायचा, चाऱ्याची तजवीज करायची का, असे मोठे निर्णय घेता येतात. ओल बेताची आणि हिवाळा सौम्य राहण्याचा कौल असेल तर गव्हाचे क्षेत्र आवरते घेऊन करडई किंवा हरभऱ्याकडे वळणे शहाणपणाचे ठरते. करडई खोल मुळांमुळे कमी ओलीत तग धरते.

फवारणी, पाण्याची पाळी, काढणी यांसाठी मात्र पाच दिवसांचा अंदाजच उपयोगी पडतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील ग्रामीण कृषी मौसम सेवा हवामान खात्याच्या अंदाजावर आधारलेला कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी प्रसिद्ध करते. थंडीची लाट येणार असेल तर सायंकाळी पिकाला हलके पाणी द्यावे, कारण ओली जमीन सावकाश निवते. आभाळ येणार असेल तर माव्यासाठी व घाटेअळीसाठी पिकाची पाहणी करावी. पावसाची शक्यता असेल तर काढलेला माल झाकून ठेवावा. अशा सूचना त्यात असतात. प्रशांत आणि हिंदी महासागरांच्या तापमानावरून हंगामाचा कल कळतो आणि त्या कलाच्या चौकटीत कोणत्या रात्री वारा उत्तरेचा असेल व कोणत्या रात्री उपसागराचा, हे या आठवड्यातून दोनदा येणाऱ्या सल्ल्यावरून समजते.